बंड्या, केंड आणि ‘टिक’: रापणीच्या किनाऱ्यावरचं एक प्रकरण

प्रकरणातला कुत्रा गावठी, नर, तेव्हा चार-पाच महिन्यांचा, अंगावर काळे-तपकिरी पट्टे, नाव बंड्या. घर मालवण तालुक्यातल्या एका वाडीत, दर्यापासून माडांच्या दोन रांगा सोडून. घरात वहिनी, रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीला) जाणारे त्यांचे यजमान, सासूबाई, येऊन-जाऊन असणारी शेजारची पोरं आणि हंगामात मागच्या दोन खोल्यांत उतरणारे पाहुणे. वहिनींच्या माहेरी-सासरी कुत्रे कायम होते, पण कुत्र्याला ठरवून काही शिकवायचं ही गोष्ट त्यांच्यासाठी नवी होती. मुंबईतल्या मुलाने क्लिकर (दाबलं की ‘टिक’ असा आवाज करणारी छोटी डबी) आणि काही व्हिडिओ पाठवले. त्यावरून त्यांनी पावसाच्या तोंडावर सराव सुरू केला, अगदी नेमाने. जुलैच्या सुरुवातीला मला त्यांचा फोन आला. “भाऊ, ह्यो माजा आयकणाच नाय. खाऊ दिसलो तर बसता, नाय तर माज्याकडे बगणा पण नाय.”

कुडाळ-मालवण भागात घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या मालकांना शिकवण्याचं काम मी करतो. ‘खाऊ दिसला तरच ऐकतो’ ही तक्रार सगळ्यात जास्त कानावर येते आणि बहुतेक वेळा तिचं मूळ एकाच जागी असतं. या घरात ते फार स्वच्छ दिसलं. शिवाय इथे त्यावर कुत्र्याचा जीव अवलंबून होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रापण ओढून झाली की विकाऊ मासळी टोपल्यांत जाते आणि नको असलेली वाळूवरच राहते. तिच्यात केंड असतो. डिवचलं की पोट फुगवणारा हा मासा किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. जाळी कुरतडतो म्हणून त्याला शिव्याही खाव्या लागतात. त्याच्या यकृतात, अंडाशयात, आतड्यात, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते शिजवूनही जात नाही. नसांमधून स्नायूंना जाणारा संदेश ते अडवतं: आधी लाळ आणि ओकारी, मग पाय लटपटणं, शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबणं. त्यावर उतारा नाही. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवणं एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं, आणि तशी सोय तालुक्याच्या गावी कुत्र्यासाठी मिळेलच असं नाही. केंडाच्या सगळ्या जाती सारख्या विषारी नसतात हे खरं, पण वाळूवर पडलेला कुठल्या जातीचा हे पाहत बसायला वेळ कुणाला असतो?

मेच्या अखेरीस, जेमतेम तीन महिन्यांचा असताना, बंड्याने असाच एक केंड उचलला होता. यजमान काठी घेऊन ओरडत धावले, तसा तो मासा आणखी घट्ट धरून पळाला. एका होडीखाली शिरताना तो त्याच्या तोंडातून निसटला म्हणून निभावलं. वहिनींना त्याला ‘बस’ शिकवण्याची हौस नव्हती. नारळी पौर्णिमेनंतर रापणी पुन्हा लागतील तेव्हा हा वाळूवरचा मासा सोडायला शिकलेला हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. रापण त्या बंदीत येत नसली तरी खवळलेल्या दर्यात ती टाकणार कोण? म्हणून पावसाळा हाताशी होता.

पहिल्या भेटीत पाऊस धो-धो होता, त्यामुळे सगळं पडवीत झालं. वहिनींनी क्लिकर कधीच बाजूला ठेवला होता. एका हातात सतत काहीतरी असतं, त्यात आणखी ते कुठे सांभाळणार? त्याऐवजी त्या ‘शाब्बास’ म्हणत. गाऊनच्या खिशात बिस्किटाच्या तुकड्यांची प्लास्टिकची पिशवी. बंड्या बसला की ‘शाब्बास’ आणि तुकडा. वरवर पाहता सगळं व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे.

मी दोन छोट्या गोष्टी करून पाहायला सांगितल्या. बंड्या कोपऱ्यात चपला हुंगत होता, आमच्याकडे पाठ करून. वहिनी नेहमीच्या आवाजात ‘शाब्बास’ म्हणाल्या. त्याचा कानसुद्धा हलला नाही. थोडं थांबून त्यांनी तोंडातून शब्द न काढता नुसता खिशात हात घातला. पिशवी सळसळली आणि बंड्या चपला टाकून धावत येऊन त्यांच्यासमोर बसला.

मग मोबाईलवर त्यांच्या सरावाचं चित्रण केलं आणि संथ गतीने त्यांनाच दाखवलं. बंड्याचा मागचा भाग जमिनीला टेकायच्या बेतात असतानाच वहिनींचं उजवं मनगट खिशाकडे वळतं. बंड्याची नजर त्यांच्या तोंडावरून सुटते आणि मनगटाबरोबर खाली येते. पिशवी वाजते, त्याचे दोन्ही कान पुढे होतात. त्यानंतर ‘शाब्बास’ येतं. वहिनींनी ते तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे ह्यो माजो खिसो आयकता.”

अगदी तसंच होतं. मार्कर, म्हणजे कृती बरोबर झाली त्याच क्षणी तसं सांगणारा ठरलेला आवाज किंवा शब्द, ही कल्पना जुनी आहे. बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात ती प्राण्यांच्या प्रशिक्षणात व्यवहारात आणली. स्किनर यांनी स्वतः १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिताना मुलांचं टिकटिक वाजणारं खेळणं यासाठी सुचवलं होतं. पुढे १९६० च्या दशकात हवाईत कॅरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत होत्या. डॉल्फिन हवेत असताना त्याला मासळी देता येत नाही; मग उडी मारतानाच्या नेमक्या क्षणी शिट्टी वाजवायची आणि मासळी मागाहून द्यायची. ‘आत्ता जे केलंस ते बरोबर, खाऊ येतोय’ एवढंच ती शिट्टी सांगते. हे सांगणं त्या कृतीच्या सेकंदाच्या आत यायला हवं, आणि खाऊची दुसरी कुठलीही चाहूल त्याच्या आधी लागता कामा नये. एस.टी.च्या कंडक्टरने गाडी हलल्यावर घंटी दिली तर ड्रायव्हर त्या घंटीला कशाला कान देईल? बंड्याच्या बाबतीत गाडी आधीच हललेली असायची. हात आणि पिशवी सगळी बातमी देऊन टाकत, मागून येणाऱ्या शब्दासाठी सांगण्यासारखं काही उरतच नसे. शब्द नुसता उशिरा येतो असं नाही, तो झाकला जातो. खाऊ दिसला नाही तर हा कुत्रा बसत नव्हता याचं कारण हट्ट किंवा हावरेपणा नव्हतं. त्याच्या लेखी खाऊचा हात हाच हुकूम होता आणि तोच निकालही.

दुरुस्ती माणसाच्या हातांपासून सुरू झाली. खाऊ खिशातून निघाला आणि झाकण काढलेल्या स्टीलच्या डब्यात, पडवीच्या कठड्यावर गेला. वहिनींचे दोन्ही हात पोटावर, एकावर एक. आधी शब्द, मग श्वासभर थांबणं, मगच हात डब्याकडे. मधल्या त्या थांबण्याला मी सगळ्यात जास्त जपतो, कारण शब्द आणि हात वेगळे पडतात ते तिथेच. शब्दही बदलला. ‘शाब्बास’ त्या घरात पोरांना, पाहुण्यांना, टीव्हीवरच्या क्रिकेटपटूंनाही मिळत होतं. वहिनींनी ‘टिक’ निवडला: आखूड, ठसठशीत, आणि एरवी त्यांच्या तोंडात नसणारा. क्लिकरला माझा विरोध नाही. त्याचा आवाज प्रत्येक वेळी सारखाच येतो हा मोठा फायदा आहे. पण किनाऱ्यावर वारा आणि लाटा यांत तो बारीक आवाज विरतो, आणि ज्या बाईला एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात खाऊ धरायचा आहे तिच्यासाठी तोंडच बरं.

त्यानंतर कुत्र्याला आत बांधून शेजारच्या मुलाला रबरी चेंडू दिला. त्याने तो वर फेकायचा आणि जमिनीला लागेल त्याच क्षणी वहिनींनी ‘टिक’ म्हणायचं. सुरुवातीला चेंडू टप्पा घेऊन वर निघाल्यावर ‘टिक’ यायचं. चेंडू खाली येताना त्याच्यावर नजर ठेवून शब्द ओठांशी तयार ठेवायचा असतो, हे हळूहळू जमलं. सासूबाई आधी “कुत्र्याक शिकवूचा काय असता?” म्हणत दारात उभ्या होत्या, त्यांनीही करून पाहिलं आणि त्यांचंच टायमिंग सर्वांत चोख निघालं. बंड्याला बसायला लागताना पाहणं आणि चेंडूला खाली येताना पाहणं यांत डोळ्याला फारसा फरक नसतो.

मग बंड्यासाठी नुसतं ‘टिक’ आणि तुकडा, ‘टिक’ आणि तुकडा, त्याच्याकडून काहीही न मागता. काही प्रशिक्षक ही पायरी अनावश्यक मानतात, कारण कृतीला मार्क करता करता कुत्रा शब्द शिकतोच. नवख्या माणसासाठी मी ती कधीच गाळत नाही, कारण तिच्यात शिकणारा मुख्यतः माणूस असतो. हात थांबतो आहे का, शब्द सारखाच निघतो आहे का, हे कुत्र्याच्या वागण्याकडे लक्ष न देता तपासता येतं. दोन-तीन मिनिटांचा सराव, दिवसातून दोनदा. तुकडे तुरीच्या दाण्याएवढे, उकडलेल्या चिकनचे, आणि तेवढं जेवणातून कमी. सुकट वापरू दिली नाही: तिच्यात मीठ फार, आणि जो वास किनाऱ्यावर सोडायला शिकवायचा आहे तोच हातातून का द्यावा? आमटीतलं चिकनही नाही, कारण कांदा कुत्र्याला बाधतो.

पुढच्या भेटीत बंड्या पुन्हा पाठ करून होता. वहिनींनी ‘टिक’ म्हटलं आणि त्याने मान गर्रकन फिरवली. डबा कठड्यावर, हात पोटावर, आणि तो बघत होता त्यांच्या तोंडाकडे.

या टप्प्यावर वहिनींनी दोन शंका काढल्या, दोन्ही योग्य. ‘टिक’ म्हटलं की तो उठतो, मग बसणं मोडलं ना? मोडू द्यावं; मार्करने कृती संपते, आणि बसण्याचा वेळ वाढवायचा तर ‘टिक’ थोडं उशिरा म्हणायचं. आणि चुकीच्या वेळी ‘टिक’ गेलं तर? तरी खाऊ द्यायचाच. एखादी चुकीची कृती एकदा पक्की झाली तर पुढे सुधारता येते. शब्दावरचा विश्वास गेला तर सगळं पुन्हा उभं करावं लागतं. एक गोष्ट मात्र मी ठामपणे थांबवली: त्या बंड्याला हाक मारायलाही ‘टिक’ वापरू लागल्या होत्या. बोलावण्यासाठी त्याचं नाव आहे.

‘सोड’ची सुरुवात बंद मुठीने. मुठीत तुकडा, मूठ बंड्याच्या नाकासमोर. तो चाटतो, नाकाने ढकलतो, पंजा मारतो; मूठ उघडत नाही आणि कुणी बोलत नाही. ज्या क्षणी नाक मागे होईल तेव्हा ‘टिक’, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. आधी कधीतरी पंजा मारून खाऊ मिळाला असेल तर मागे हटायच्या आधी कुत्रा आणखी जोर करतो. बंड्याने तर भुंकायला सुरुवात केली. वहिनींची बोटं सैल होताना मला दिसली, तेव्हा मी मूठ मांडीवर टेकवून ठेवायला सांगितली. इथे मूठ उघडली असती तर भुंकणं शिकवून झालं असतं. तो थकला, मागे सरकला, नाक बाजूला वळलं, ‘टिक’. थोड्याच वेळात मूठ समोर आली की तो आपणहून मान फिरवू लागला. हे पक्कं झाल्यावर त्याला ‘सोड’ हा शब्द जोडला.

मग मासळी. खळ्यात सुका बोंबील चाळणीखाली ठेवला आणि चाळणीवर चिरा. वास येतो, मिळत नाही. बंड्या दोराने बांधलेला, लांबून सुरुवात. यावेळी नाक मागे घेण्याची वाट पाहायची नव्हती. बोंबलाकडे बघून नजर वहिनींकडे वळली की ‘टिक’. हेतू असा की काही दिवसांनी वाळूवरचा मासा हाच बंड्यासाठी ‘मागे बघ’ असा इशारा व्हावा, कुणी ‘सोड’ म्हणायच्या आधीच. दर वेळी माणसाची नजर आधी माशावर पडेल याची खात्री कोण देणार? या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच पायरी.

खळ्यात उत्तम, आणि पाणंदीत पोचल्यावर शून्य. घरच्यांना वाटलं तो विसरला. कुत्रे एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लावत नाहीत. जागा बदलली, वास बदलला, पायाखालची जमीन बदलली की त्यांच्यासाठी प्रश्नच नवा होतो. म्हणून पाणंदीत पुन्हा मुठीपासून, मग सुरूच्या बनात, मग ओहोटीच्या वेळी रिकाम्या किनाऱ्यावर. प्रत्येक जागी आधीपेक्षा कमी वेळ लागला. दहा मीटरचा दोर, आणि तो गळ्यातल्या पट्ट्याला न लावता छातीवरच्या पट्ट्याला. धावत सुटलेलं पिल्लू दोर संपल्यावर मानेवर हिसका खातं, ते टाळायचं होतं. यजमानांना साखळी आणि काठी हाच रस्ता माहीत होता. पण मेमधली होडीखालची धावपळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून ते बाजूला राहिले.

नारळी पौर्णिमेनंतर रापण लागली त्या सकाळी आम्ही जाळ्यापासून बरेच दूर उभे होतो. दोर सैल, वहिनींच्या कंबरेच्या पिशवीत चिकनचं उकडलेलं काळीज. ते फक्त किनाऱ्यासाठी राखलेलं, आणि तेही मोजकं, कारण काळीज रोज भरपूर देणं बरं नाही. हात पोटावर. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं, कावळे, घारी, दुसरे कुत्रे. बंड्याचं शेपूट ताठ, नाक वाऱ्यात, एक पुढचा पाय उचललेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. आधी त्याचा डावा कान मागे वळला, नुसता कान. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून एक कटाक्ष, मग नाक आणि अखेर सगळी मान. मान वळायला लागताच ‘टिक’ आलं. काळजाचा तुकडा मिळाला, तो पुन्हा जाळ्याकडे वळला आणि यावेळी लगेच मागे बघितलं.

त्याच सकाळी जाळ्याजवळून यजमान मायेने ओरडले, “बंड्या, सोड!” आणि तो थेट त्यांच्याकडे, म्हणजे माशांकडे, ओढ घेत निघाला. त्या दिवसापासून किनाऱ्यावर बंड्याशी एकच माणूस बोलतो असं ठरलं.

शिकवण कितीही चांगली झाली तरी एक घास पुरेसा असेल तिथे तेवढ्यावर विसंबू नये, हे माझं मत मी वहिनींना पहिल्या दिवसापासून सांगत होतो. म्हणून दोन गोष्टी सोबत चालू होत्या. पहिली अदलाबदल: तोंडात काही असेल तर मागे धावायचं नाही, हातही घालायचा नाही. पाठलाग झाला की कुत्रा गिळून टाकतो. त्याऐवजी मूठभर खाऊ वाळूवर विखरायचा. घरी नारळाच्या सोडणावर (वरच्या सालीवर) हा सराव रोज झाला. सोडण टाकलं की ‘टिक’, खाऊ, आणि बहुतेक वेळा सोडण परत. दुसरी गोष्ट जाळीचं मुसकं, ज्यातून धापता येतं, पाणी पिता येतं, पण मासा उचलता येत नाही. यजमानांना ते पसंत नव्हतं. “लोक म्हणतले चावरो आसा.” वहिनींनी मात्र ते बंड्याला ‘टिक’नेच शिकवलं: मुसक्यात नाक घातलं की ‘टिक’, नाक आत राहिलं की थोडं उशिरा ‘टिक’, मग पट्टा. आता मुसकं हातात घेतलं की तो स्वतः तोंड पुढे करतो. जाळ्यात केंड जास्त आले अशी खबर असली की ते चढवलं जातं आणि वाडीतली माणसं कारण विचारतात तेव्हा यजमानच ते सांगतात.

नोव्हेंबरपर्यंतची स्थिती अशी. दोरावर असताना बंड्या वाळूवरचा मासा पाहतो आणि मागे वळतो, बहुतेक वेळा वहिनींनी काही म्हणायच्या आधी. एकदा संध्याकाळी वाडीतल्या दुसऱ्या कुत्र्यांबरोबर झटापट चालू असताना त्याने बांगडा उचलला. वहिनींनी खाऊ विखरला, त्याने बांगडा टाकला, त्या त्याला घेऊन घरी आल्या. दुसऱ्या कुत्र्यांच्या संगतीतला सराव झालाच नव्हता, आणि तोच आता चालू आहे. आधी ओळखीचा एकच शांत कुत्रा, लांब अंतरावर.

नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ, आणि मोकळे कुत्रे घरटी उकरतात. तांबळडेग, वायंगणीसारख्या गावांत लोक ती राखतात. वहिनींच्या किनाऱ्यावर मागच्या वर्षी एक घरटं मिळालं होतं. म्हणून अंधार पडल्यावरचं फिरणं सध्या सुरूच्या बनापर्यंतच. उकरू लागलेल्या बंड्याला बोलावण्यासाठी त्याचं नाव आता खळ्यातल्या मातीत, पोरांनी पुरलेल्या करवंटीवर पक्कं करणं चालू आहे. दोर अजून काढलेला नाही. वहिनींनी परवा विचारलं तेव्हा मी सांगितलं, वय वर्षभराचं होऊ दे, रापणीचा पूर्ण हंगाम जाऊ दे, मग बघू.